तीन ठोके, थांबून एक

खाली मृणाल पालथी पडली होती. एक हात वाद्याखाली, दुसरा गाळावर. तिच्यापासून चार हातांवर विल्सन भिंतीला टेकून बसलेले, मान छातीवर. दोघंही हलत नव्हते.

आणि वाद्य वाजत होतं.

मी विहिरीच्या कठड्यावर पोटावर आडवी होऊन बघत होते. मे महिना, दुपारचे साडेबारा. ऊन थेट तळापर्यंत गेलेलं. अंधार होता, नीट दिसलं नाही, असं म्हणायची सोय नाही. वाद्यापाशी कुणीही उभं नव्हतं. तरी ठोके येत होते... तीन, मग थांबून एक. तीन, थांबून एक.

"निवृत्तीराव! पळा!"

निवृत्तीराव मोटारघराच्या सावलीत तंबाखू मळत बसले होते. आले, वाकून बघितलं, आणि हातातली तंबाखू तशीच खाली सांडली.

"अक्का," ते म्हणाले, "वाजवतंय कोण?"

म्हणजे ऐकणारी मी एकटी नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला ऊन लागलं असेल. म्हणा. तुमच्या या पानावर लोक जे लिहितात ते शेजारची मास्तरीण मला वाचून दाखवते, आणि त्यातलं निम्मं मलाही खोटंच वाटतं. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळ... माझा कशावर विश्वास नाही. छप्पन साली माझ्या सासऱ्यानं घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, अंगात येणं नाही. मी स्वतः एका देवर्ष्याला केरसुणी घेऊन दारातून हाकललंय. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथी अर्धीच. पण डोळे आणि कान पूर्ण आहेत. जे झालं ते सांगते. का झालं ते मला विचारू नका.

आमचं गाव सिरसाळ्यापासून आत, कच्च्या रस्त्यावर. मृणाल माझ्या मुलीची मुलगी, पुण्यात वाढलेली. शाळेच्या बँडमध्ये पोरी छातीशी उभं धरून लोखंडी पट्ट्यांचं वाद्य वाजवतात ना, ते हिच्या वाट्याला आलं. बाकीच्या पोरी शाळेबरोबर ते सोडतात, हिनं सोडलं नाही. पुढं कुठल्याशा म्हाताऱ्या मास्तरांकडं जाऊन जॅझ शिकली. त्यातलं तिचं वाद्य म्हणजे व्हायब्राफोन. खाटेएवढी चौकट, तिच्यावर धातूच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एक नळी. नळ्यांच्या तोंडाशी चकत्या असतात, त्या विजेच्या मोटारीवर फिरतात, मग सूर थरथरतो. दोन्ही हातांत दोन-दोन दांड्या घेऊन वाजवायचं. खाली पायाशी एक पट्टी असते. ती पायानं दाबून धरली तरच सूर लांबतो, नाहीतर ठोका टुक् करून तिथंच मरतो. हे लक्षात ठेवा.

जॅझ म्हणजे काय, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "आज्जी, आधी एक सूर धरायचा, मग त्याच्यापासून पळून जायचं, आणि पळता पळता परत त्याच्याकडं यायचं."

मी म्हणाले, "तुझ्या आजानं जल्मभर हेच केलं. त्याला कुणी टाळ्या न्हाई वाजवल्या."

त्या वर्षी तिचा पहिला अल्बम व्हायचा होता. तेवीस वर्षांची होती. दोन स्टुडिओंत वाजवून बघितलं आणि दोन्ही वेळा स्वतःच ते पुसून टाकलं. म्हणे, तिथला घुमारा मशीननं चढवलेला असतो, मेल्यासारखा वाटतो. लहानपणी सुट्टीत आली की ती आमच्या सोसायटीच्या विहिरीत तोंड घालून ओरडायची आणि आपलाच आवाज परत ऐकत बसायची. तिला तोच घुमारा हवा होता. विहिरीत पाणी असेपर्यंत ते जमणार नव्हतं. मग तो दुष्काळ आला, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते साल. सोसायटीची विहीर जन्मात पहिल्यांदा तळापर्यंत आटली, आणि तिचा फोन आला.

"आज्जी, पाऊस कधी येईल गं?"

"आमी बी तेच इचारतोय."

"अजून पंधरा दिवस नको यायला."

"हे गावात कुणाम्होरं बोलू नकोस," मी म्हणाले, "लोक दगडं मारतील. आणि पहिला दगड माझा आसंल."

ती आली. सोबत विल्सन. पन्नाशीचा माणूस, पांढऱ्या केसांची शेपटी बांधलेला, आवाज पकडायची यंत्रं घेऊन. गावातल्या बाया त्याची शेपटी बघायला दोन दिवस माझ्या दारात येत होत्या.

विहिरीची किल्ली निवृत्तीरावांकडं. ही विहीर उपसा सिंचन सोसायटीची. निवृत्तीराव तिचे शेवटचे चेअरमन. सोसायटी केव्हाच मोडली होती, मोटारी विकून झाल्या होत्या, पण किल्ली मात्र त्यांनी करगोट्याला बांधून ठेवली होती. बायको सखू त्यांना म्हणायची, "सोसायटी मेली, आता तरी ते हाडूक सोडा." सोडलं नाही.

"वाजवू दे की पोरीला," ते म्हणाले. "म्या इतकी वर्सं हितं ठराव वाचले, कुणी ऐकलं न्हाई. तिचं तरी कुणी ऐकंल."

गाळ काढायला आणलेली यारी विहिरीवर उभीच होती. यारी म्हणजे लोखंडी खांबाची क्रेन, दातेरी चाकाची, दांडा हातानं फिरवला की मोठी लोखंडी बादली खाली-वर होते. त्या बादलीतून वाद्य खाली गेलं, पट्ट्या वेगळ्या, चौकट वेगळी. माणसं खाली जाण्याआधी मी कंदील सोडला. आमच्याकडं बंद विहिरीत कुणीही उतरायचं तर आधी दिवा सोडतात. दिवा विझला की खाली खराब हवा आहे, उतरायचं नाही. कंदील तळावर टेकला तरी ज्योत सरळ उभी. "जा," मी म्हणाले. चारही दिवस रोज सकाळी मी कंदील सोडत होते, आणि रोज मीच म्हणत होते, जा.

अडचण आली ती जनरेटरची. गावात वीज दिवसातून चार तास, तीही तिच्या मर्जीनं. चकत्या फिरवायला आणि विल्सनच्या यंत्रांना वीज लागते, म्हणून सिरसाळ्याच्या मंडपवाल्याचा जनरेटर आणला. तो कठड्याजवळ ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये घरघर. मोटारघरात ठेवला तरी घरघर. त्यावर ओली पोती टाकली तरी विल्सन कानाला डबी लावून मान हलवायचे. तीन दिवस गेले, हाती काहीच नाही. मृणाल जेवेना. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाली, "हेही पुसायचंच आहे, आज्जी. मला जमतच नाही. परत जाते."

मला तिचा राग आला आणि दयाही आली. मोटारघरात गेले. समोरासमोरच्या दोन भिंतींत जुन्या पाइपांची एकेक तोंडं होती, मोटारी गेल्यापासून उघडी. एक पाइप खाली विहिरीत जाणारा, पाणी ओढायचा. दुसरा जमिनीखालून शेताकडं जाणारा. मी निवृत्तीरावांना म्हणाले, "जनरेटरचं धुराडं शेताच्या पाइपात खुपसा. धूर बी तिकडं, आवाज बी तिकडं."

"कोणता शेताचा?"

"डावा. ही हीर म्या खोदलीय, मला शिकवता का?"

"तू म्हंतीस तर डावा," ते म्हणाले.

मंडपवाल्याच्या माणसानं रबरी नळी लावून धुराडं डाव्या पाइपात घातलं आणि भोवती चिखलानं लिंपून तो सिरसाळ्याला परत गेला. घरघर गेली. मृणालनं मला मिठी मारली. मी म्हणाले, "सोड, घाम आलाय." कंदील सोडला. जळत राहिला. ते दोघं खाली उतरले. अकरा वाजले असतील.

ती वाजवायला लागली. मला त्यातलं कळत नाही. पण त्या दिवशी चारही भिंती वाजत होत्या एवढं कळलं. निवृत्तीराव मला म्हणाले, "अक्का, आंगावर काटा आला बग." मी म्हणाले, "ऊन लागलं आसंल, पाणी प्या." थोड्या वेळानं ते सावलीत गेले. मी बाभळीखाली बसून तांदूळ निवडत होते. गावात टँकर आल्याचा हॉर्न झाला, आणि रस्त्यावर होते-नव्हते ते सगळे हंडे-घागरी घेऊन पळाले. टँकर आला की गावात दुसरं काही दिसत नाही, ऐकू येत नाही.

वाजणं थांबलं होतं. मला वाटलं, दम घेताहेत. मग ते ठोके सुरू झाले.

मला ते ठोके माहीत होते. बहात्तरच्या दुष्काळात ही विहीर खोदली, तेव्हा मी अठरा वर्षांची, कमरेला पदर खोचून पाट्या वाहत होते. मृणालची आई तेव्हा तान्ही, लिंबाला झोळीत. खाली पाषाण लागला म्हणून सुरुंग लावत. सुरुंग पेटवण्याआधी बाभळीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोड्यानं ठोके देत— तीन, थांबून एक. त्याचा अर्थ एकच : हातात असेल ते टाका आणि वर या. पाटी, पहार, चप्पल, काहीही घेऊ नका. वर या. तो तुकडा पुढं कुणी तरी विकून खाल्ला. ते ठोके आम्ही खोदणारे सोडून कुणाला माहीत नव्हते, आणि खोदणाऱ्यांत आता गावात मी आणि निवृत्तीराव एवढेच उरलो होतो. मृणालला मी त्याबद्दल कधी बोलले नव्हते. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

म्हणून मी तांदूळ टाकून कठड्यावर गेले, आणि सुरुवातीला लिहिलं ते बघितलं.

मला आधी वाटलं शॉक लागला. पळत जाऊन जनरेटर बंद केला. परत आले तर ठोके चालूच. आणि सूर लांब येत होता, एक संपायच्या आत दुसरा. म्हणजे पायपट्टी दाबलेली होती. मृणालचे पाय वाद्यापासून हातभर लांब होते, मला वरून तिचे तळवे दिसत होते.

"बादली सोडा, मी उतरते," मी म्हणाले.

"आन् यारी कोण फिरवंल? माझ्या खांद्यात दम हाय का?" निवृत्तीरावांचा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळलेला होता, तांब्या उचलायचा तर डावा हात लागायचा. "दोन मान्सं वर वढायची हायेत. तू फिरव. म्या बसवून देतो."

"तोंडाला कायतरी बांधा."

उपरणं पिण्याच्या पाण्यात भिजवून तोंडाला बांधलं आणि बादलीत पाय घालून उभे राहिले. "हळू सोड, म्हातारे. दाण्याचं पोतं न्हाई मी."

"पोतं बोलत तरी न्हाई," मी म्हणाले आणि दांडा सोडत गेले.

बादली खाली टेकली त्या क्षणी ठोके थांबले. निवृत्तीराव वाद्यासमोर उभे होते. वर बघून ओरडले, "अक्का, हितं कुणी न्हाई!"

मी ओरडले, "पोरीला घाला आदी!"

मृणालला बादलीत घातलं, उपरण्यानं दोराला बांधलं. म्हणजे त्यांच्या तोंडावरचं उपरणं गेलं. मी फिरवायला लागले. माझ्या हातांची सालं निघाली ती मला दुसऱ्या दिवशी दिसली. तिला कठड्यावर ओढली तर तोंड लालबुंद, ओठही लाल. मेलेलं माणूस इतकं लाल नसतं, म्हणून मी तिला उपडी टाकून बादली परत सोडली. विल्सन जड होते. निवृत्तीरावांना त्यांना उचलायला वेळ लागला, मधेच दोनदा खाली बसले. मी वरून शिव्या दिल्या. "उठा! चेअरमन झालात, बसता कशाला!" ते उठले. विल्सन वर आले.

तिसऱ्यांदा बादली खाली गेली आणि कुणी त्यात बसलं नाही. ते भिंतीशी बसले होते, जिथं विल्सन बसले होते तिथंच.

तोपर्यंत टँकरवरची माणसं आली. दोघं जण शर्ट काढून उतरायला निघाले. मी यारीची सुटी पहार उचलली. "जो उतरंल त्याचं टकुरं फोडीन. एकामागं एक मरतात आशा हिरीत." कुणी तरी ओरडलं, पाणी ओता, पाण्यानं हवा धुतली जाते. बायांनी भरलेले हंडे आणले. मग टँकरच आणला आणि त्याची तोटी विहिरीत सोडली. त्या दिवशी गावाला प्यायला आलेलं सगळं पाणी आम्ही विहिरीत ओतलं. माझ्या माहितीतल्या त्या बाया, घागरीसाठी एकमेकींचे केस उपटणाऱ्या... एकीनंही तोंड उघडलं नाही. अर्ध्या तासानं एक जण दोर बांधून उतरला आणि निवृत्तीरावांना घेऊन आला.

तिघांनाही जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं, जनरेटरच्या धुरात जो वायू असतो त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यानं कंदील विझत नाही. चार दिवस मी ज्या ज्योतीकडं बघून "जा" म्हणत होते, तिला त्यातलं काही कळत नव्हतं.

पण धूर तर शेताकडं जायला हवा होता. दोन दिवसांनी मी मोटारघरात गेले, आणि आत उभी राहून मागं वळले, तेव्हा समजलं. मी ते घर पूर्वी बघितलं होतं तेव्हा दार पूर्वेला होतं. सोसायटी तोट्यात आली तेव्हा निवृत्तीरावांनी कुणा वास्तुवाल्याचं ऐकून पूर्वेचं दार बुजवलं आणि पश्चिमेला पाडलं. पूर्वेच्या दारातून डावा तो शेताचा. पश्चिमेच्या दारातून डावा तो विहिरीचा. दार त्यांनी फिरवलं, डावा मी म्हणाले, आणि दोघांनाही आठवलं नाही. पाइपाचं खालचं टोक वाळल्या गाळात बुडालेलं, म्हणून घरघर दबली. वायू मात्र गाळाच्या भेगांतून वर येत राहिला. हे सगळं कळतं. ह्यात भूत नाही, माझं चुकलेलं बोट आहे.

न कळणारं पुढं आहे.

विल्सनचं यंत्र बॅटरीवर शेवटपर्यंत चालू राहिलं होतं. मला ते ऐकवलं. मृणाल वाजवतेय. हळूहळू संथ होतेय. मग दांड्या पडल्याचा आवाज, मग ती पडल्याचा. त्यानंतर बराच वेळ फक्त घुमारा मरतोय. मग तीन, थांबून एक. ठोके स्वच्छ आहेत, एका हाताचे, घाई नाही. विल्सननी मोजले, सतरा वेळा. मधे माझी हाक आहे, जनरेटर गेल्यावर चकत्या थांबतात आणि सूर थरथरायचा बंद होतो, तेही ऐकू येतं. पण ठोके तसेच. शेवटी बादली टेकल्याचा आवाज आणि निवृत्तीराव... "अक्का, हितं कुणी न्हाई."

विल्सन हा यंत्राचा माणूस. म्हणाले, "मावशी, तापलेली पट्टी आपोआप वाजू शकते, एखादी टिक्. पण अशी मोजून नाही. आणि पेडल कोण दाबेल?"

लोकांना लगेच हवं असतं की विहीर खोदताना तिथं कुणी तरी मेलेलं होतं. नव्हतं. मी तिथं पहिल्या पाटीपासून पाणी लागेपर्यंत होते. सुरुंगानं एकाचं बोट गेलं, एवढंच. कुणी बळी दिला नाही, कुणी उडी घेतली नाही. तिथं येऊन वाजवावं असं कुणीही नाही.

सखूला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, डाव्या पाइपासकट. तिनं एवढंच विचारलं, "त्यांनीच वाजवलं आसंल का?"

मी म्हणाले, "न्हाई गं. ते माझ्या बाजूला हुते. वाजवतंय कोण म्हणून त्यांनीच मला इचारलं."

ती म्हणाली, "मंग त्यांच्यासाठी कावून न्हाई वाजलं?"

 झोप लागत नाही ती यानं. दोघं पडल्यावर कुणी तरी सतरा वेळा वर या म्हणालं, आणि तिसरा खाली गेल्याबरोबर गप्प बसलं. रात्री उठते, भांडी घासते, परत मांडते. मास्तरीण म्हणते मनाला लावून घेऊ नका. मन कुठं असतं ते दाखव म्हणाले तिला.

अल्बम दोन वर्षांनी आला. मृणालला ते शेवटचं वाजवणं त्यात घालायचं होतं, पूर्ण, पडल्याच्या आवाजासकट, ठोक्यांसकट. मी नको म्हणाले, तिनं ऐकलं नाही. सखूला विचार म्हणाले. सखूनं कानाला ती डबी लावून पूर्ण ऐकलं, नवऱ्याचा आवाज आला तिथं डोळे मिटले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." तेवढंच. पुण्या-मुंबईचे लोक त्या ठोक्यांबद्दल लिहितात म्हणे, काय कल्पना सुचली पोरीला. ती कुणाला काही सांगत नाही. मलाही लिहू नको म्हणाली होती. पण निवृत्तीराव खाली का गेले, हे कुठं तरी लिहिलेलं असावं असं मला वाटलं.

विहिरीवर त्या दिवशी आम्ही चौघं होतो. मृणाल जगली. विल्सन जगले, त्यांचा डावा हात अजून थोडा कापतो. मी वर होते, मला काही झालं नाही. निवृत्तीराव अंबाजोगाईच्या वाटेवर, जीपमध्येच गेले.